नावघरासाठी केलेला अर्ज

भाऊजी,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही तुम्हांला शांत स्वभावाचे म्हटलं. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं असेल, बाईंना रडू आवरत नाही. खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं. गिलावा अर्धा इंच कमी पडला म्हणून गवंड्याशी सकाळपासून दुपारपर्यंत हुज्जत घालणारा माणूस आणि म्हणे शांत. आमटीतल्या गुळापासून सरकारच्या धोरणापर्यंत तुम्ही माझ्याशी ज्यावर भांडला नाहीत असा विषय या घरात शोधूनही सापडणार नाही. म्हणजे एक आहे, पण तो त्या चौघांना ठाऊक असायचं कारण नाही.

मग मुख्याध्यापिका म्हणून माझी पाळी आली. या शाळेचं छप्पर तुम्ही दोनदा बदललंत, फळ्यांना स्वतः काळा रंग दिलात, विहिरीवर कठडा बांधलात, असं सगळं सांगितलं आणि खाली बसले. जे बोलायचं होतं ते मुलींसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आज घरी बसून लिहिते आहे.

साडेचार वर्षांपूर्वी मी तुमच्या पाठीमागे एक अर्ज केला. त्या अर्जामुळे माझ्या शाळेला ही इमारत मिळाली आणि तुमची बदली सांवेरला झाली. त्यानंतर आपण एकाच स्वयंपाकघरात, एकमेकांसमोर पाट मांडून रोज जेवलो. तुम्ही त्या अर्जाबद्दल एक अवाक्षर काढलं नाहीत. आज ना उद्या तुम्ही मला बोलाल, मी आधी थोडी भांडेन आणि मग माफी मागेन, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत, आणि परवा तेरावाही होऊन गेला.

आमच्या मुलींना सांगितलं की या शाळेत पूर्वी नावेची तिकिटं मिळायची, तर त्या तोंडावर हात धरून हसतात. त्यांचाही दोष नाही. खान नदी त्यांनी पाहिली ती अशीच, पावसाळ्यात चार दिवस फुगणारी आणि एरवी म्हशीचे गुडघे जेमतेम भिजवणारी. पण मी या नदीतून सासरी आले आहे. दरबाराने खालच्या अंगाला बंधारा घालून पाणी अडवलं होतं, आणि छावणीपासून जुनी इंदूरपर्यंत दिवसातून चार वेळा नाव यायची-जायची. कारकून, भाजीवाल्या, माहेरवाशिणी, सगळे त्यातून जात. मामंजी त्या नावघराचे दरोगा होते. दरोगा म्हणजे नाव वेळेवर सोडायची, वेळेवर लावायची आणि जास्त माणसं चढू द्यायची नाहीत, एवढंच काम. पण ते काम त्यांनी देवपूजेइतक्या सोवळ्यात केलं.

लग्न महूला झालं आणि वरात मोटारीने छावणीपर्यंत आली. घाटावर नाव तयार होती, नावाडी तयार होते, चारच्या आत गृहप्रवेश व्हावा असं गुरुजींनी काढून दिलं होतं. आणि मामंजींनी खिशातून घड्याळ काढलं. नाव चारला सुटते म्हणाले. वराचे वडील तेच, दरोगाही तेच, पण अर्धा तास आधी नाव सोडा हा हुकूम काही त्यांच्या तोंडून निघेना. शालूत घामाघूम होऊन मी दगडावर बसले होते. माझी आत्या कुरकुरायला लागली तेव्हा तुम्ही पुढे झालात. सतरा-अठरा वर्षांचे असाल, ओठावर नुकती मिसरूड होती. तुम्ही तिला म्हणालात, “नाव सरकारची आहे आत्याबाई, वरातीची नाही.”

मुहूर्त टळला. नाव चारच्या ठोक्याला सुटली. आत्या जन्मभर म्हणत राहिली की पोरीला चक्रम घरात दिली. मी मात्र त्या दिवशी मनात म्हटलं, इथे निदान खोटं चालायचं नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं.

जुनी इंदूरच्या काठाला नाव लागली की पायऱ्या चढून थेट नावघरात यायचं. लांबट इमारत, सागवानी खांब, वर कौलं, पुढच्या अंगाला तिकिटाची खिडकी आणि डावीकडे जाळी लावलेली बायकांची बसायची खोली. त्या खोलीत मला कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. आज तिथे आमचा बालवर्ग भरतो.

मग एका पावसाळ्यात बंधाऱ्याच्या झडपा वाहून गेल्या. पुढच्या वर्षी बसवू म्हणाले, तर पुढच्या वर्षी लढाई लागली आणि लोखंड मिळेना. नदीचं पाणी उतरलं ते उतरलंच. नावाडी दुसऱ्या कामांना लागले, मामंजींना निवृत्त केलं. तरी ते कोट-पगडी घालून रोज सकाळी नावघरात जाऊन बसत आणि दुपारी जेवायला परत येत. मी एकदा विचारलं की तिथे करता काय, तर म्हणाले, कोणी नाव विचारायला आलं तर सांगायला माणूस नको का. तुम्ही तोवर बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाला होतात आणि योगायोगाने तोच भाग तुमच्याकडे होता. जायच्या आधी मामंजींनी किल्ली थोरल्या मुलाकडे न देता तुमच्या हातात दिली. आमच्या घरात हे असं का, म्हणून कोणी विचारलं नाही. ह्यांना तर सुटल्यासारखंच वाटलं असेल.

लढाईच्या काळात तिथे रेशनची पोती रचली होती. फाळणीनंतर निर्वासितांची कुटुंबं राहिली, त्यांच्या चुलींनी जाळी काळी केली. त्यांना पक्की घरं मिळाली आणि नावघराला कुलूप लागलं. होळकरशाही जाऊन मध्यभारत आला. नव्या सरकारने आपल्या सगळ्या इमारतींची मोजदाद सुरू केली, आणि ज्या वापरात नाहीत त्यांचा लिलाव करायचं ठरलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही दर वर्षी खात्याच्या वहीत नावघरासमोर काय लिहिता. “नौका-सेवा अस्थायी रूप से बंद.” म्हणजे तात्पुरती बंद. होळकरांच्या अमलात तुम्ही हेच लिहीत होतात आणि मध्यभारत आल्यावरही तेच लिहीत होतात. वरातीसाठी अर्धा तास आधी नाव न सोडणाऱ्या घरातला मुलगा दर वर्षी सरकारी वहीत धडधडीत खोटं लिहीत होता. मी तेव्हा तुम्हांला चिडवलं. जेवताना मी म्हणायची, भाऊजी, उद्या छावणीला जायचंय, नाव किती वाजता? तुम्ही हसायचात आणि ताक वाढा म्हणायचात.

चेष्टा होती तोवर ठीक होतं. मग माझ्या शाळेवर पाळी आली.

आमची शाळा तेव्हा एका गुदामाच्या वरच्या दोन खोल्यांत भरत होती. मालकाने निरोप पाठवला की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जागा खाली करा. मी जुनी इंदूर सगळी पालथी घातली. धर्मशाळेपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे विचारून झालं. मुलींची शाळा म्हटलं की लोक चहा देत आणि जागा देत नसत. साठ मुली होत्या. लांब कुठे गेलो असतो तर त्यातल्या निम्म्या घरी बसल्या असत्या, कारण त्यांचे वडील मला तोंडावर तसं सांगूनच गेले होते. एक भाजीवाला म्हणाला, बाईजी, सामने की सामने है तब तक भेज रहा हूँ. त्याची मुलगी दुसरीत पहिली होती. आणि आमच्या घरापासून शंभर पावलांवर एवढी मोठी इमारत कुलूप लावून पडलेली.

मी तुम्हांला आधी विचारलं होतं, हे तरी माझ्या बाजूने सांगायला हवं. संक्रांतीच्या आधी दोन-तीन आठवडे असतील. तुम्ही ऑफिसातून आला होतात, ओट्यावर बसून बूट काढत होतात.

“ती इमारत चालू आहे वहिनी,” तुम्ही म्हणालात.

“चालू? भाऊजी, नदीत पाणी कुठे आहे?”

“म्हणून तर तात्पुरती बंद आहे ना. एकदा झडपा बसू द्या, पाणी अपने आप चढेल. मी दर वर्षी मापं घेतो आहे, फिजूल नाही बोलत.”

मी म्हटलं, पाणी चढेल तेव्हा चढेल, तोवर शाळा भरू दे. तुम्ही म्हणालात, तसं होत नाही. इमारत दुसऱ्या खात्याला द्यायची तर आधी सेवा कायमची बंद असं लिहावं लागतं. मग मी म्हटलं की लिहा. तुम्ही हातातल्या बुटाची माती झटकलीत.

“ते मी नाही लिहिणार,” तुम्ही म्हणालात. “अण्णांनी किल्ली देताना नाव बंद झाली असं नव्हतं म्हटलं.”

त्यावर मी काय बोलले ते मला आठवतं आणि तुम्हांलाही आठवत असणार. मी म्हटलं की अण्णा गेले, नदी गेली, आणि तुम्ही एका मेलेल्या नावेसाठी साठ जिवंत मुलींना रस्त्यावर बसवता आहात. तुम्ही बूट कोनाड्यात ठेवून आत गेलात. भांडणात तुम्ही आत निघून जायची ती एकच वेळ.

त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला. मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं, ते आपल्याकडे चेष्टेचाच विषय होतं. पण मला ते सोयीचं वाटलं. सरकार ग्वाल्हेरला आहे, अर्ज तिकडे पाठवला की वरच्या वर निकाल लागेल आणि तुमच्या टेबलावर काही यायचं नाही, असा मी हिशेब केला. ह्यांनाही सांगितलं नाही. हिंदीत तीन पानं लिहिली. मुलींची संख्या, जागेची अडचण, नावघराचं माप, नाव किती वर्षांपासून बंद आहे ते. आणि शेवटी एक वाक्य घातलं की संबंधित ओव्हरसियर दर वर्षी खोटी नोंद करून शासनाची दिशाभूल करीत आहेत. वाचून पाहिलं. वाक्य कडक होतं. खोडावं असं वाटलं, मग वाटलं की हेच वाक्य काम करील. तसंच पाकिटात घातलं आणि रजिस्टर करून आले.

फाल्गुनात नावघराच्या नोंदींची खात्याने चौकशी केल्याचं कानावर आलं. चैत्रात एके संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि नावघराची किल्ली माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवलीत. म्हणालात, “वहिनी, जागा मिळाली तुमच्या शाळेला. कौलं बदलायची आहेत, पावसाच्या आधी मुली आणू नका.” मग मोरीत पाय धुता धुता पाठमोरेच म्हणालात की तुमची सांवेरला बदली झाली आहे. ह्यांनी विचारलं, अचानक कशी. तुम्ही म्हणालात, खात्याची मर्जी. मी पोळी लाटत होते. ती मी तव्यावर टाकायची विसरले.

पुढची दोन वर्षं तुम्ही पहाटेच्या मोटारीने सांवेरला जायचात आणि दिवेलागणीला परत यायचात. पिठाच्या पोत्यांवर बसून आल्यासारखे कपडे पांढरे. थंडीत हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी आणायचात, पावसाळ्यात भुट्टे. तिकडचे रस्ते कसे चांगले आहेत, पाटील कसा कंजूष आहे, असं सगळं सांगायचात. बदलीबद्दल मात्र एक शब्द नाही. आणि रविवार आला की हत्यारांची पिशवी घेऊन नावघरात, म्हणजे माझ्या शाळेत. आता ती इमारत तुमच्या ताब्यात नव्हती, खात्याने तुम्हांला तिथे बोलावलं नव्हतं, तरी तुम्ही येऊन कौलं चाळायचात आणि खांबांना तेल द्यायचात. शिपाई म्हणायचा, ओवरसियर साब तो छुट्टी के दिन ज्यादा काम करते हैं.

नदीकडच्या दरवाजावरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, ते एक बरं झालं. मला तो विटांनी बुजवून हवा होता. पलीकडे पायऱ्या, खाली चिखल, आणि माझ्याकडे पाच-पाच वर्षांच्या मुली. तुम्ही म्हणालात, नदीकडे दरवाजा नसेल तर ते नावघर कसलं. मी म्हटलं की ते नावघर नाहीच, शाळा आहे. तुम्ही म्हणालात, शाळेलाही हवा लागते. शेवटी तुम्ही कडी एवढी उंच लावलीत की मुलींचं सोडा, माझाही हात पोचेना. उन्हाळ्यात वारा हवा असला की मला स्टुलावर चढून ती काढावी लागे. एकदा मी घसरले आणि पाय मुरगळला. तुम्ही मलम घेऊन आलात आणि मलम लावेपर्यंत वाद घातलात की स्टूल लंगडं होतं, दरवाजाचा त्यात काय दोष. मी तो दरवाजा अजून बुजवलेला नाही. बुजवणारही नाही, पण ते तुमचं पटलं म्हणून नव्हे. हवा खरंच चांगली येते.

त्या सगळ्या काळात मी स्वतःची एक समजूत घालून घेतली होती. अर्ज मी केला हे तुम्हांला कळलंच असणार, शाळा माझी, जागा शाळेला मिळाली, ते लपणार कसं? पण ते शेवटचं वाक्य तुमच्या नजरेस पडलं नसेल. ते ग्वाल्हेरच्या कपाटात राहिलं असेल. बदली काय, कोणाचीही होते. या समजुतीवर मी रात्रीची झोप घेत होते. तरी मन खात होतं. सांवेरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुम्हांला ताप आला आणि तुम्ही आठ दिवस अंथरुणावर होतात. मी काढा घेऊन आले, दार लोटलं, बसले आणि म्हटलं, भाऊजी, तो अर्ज. तुम्ही काढ्याचा घोट घेऊन तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, “वहिनी, यात गूळ घातलात की विसरलात?” मी गूळ आणायला उठले. परत आले तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होतात. झोपला नव्हतात, हे मला माहीत होतं.

तुम्ही तेव्हा माझ्याशी भांडला असतात तर फार बरं झालं असतं. मला तुमचा रागच आला होता. आजही थोडा येतो. माणसाने दुसऱ्याला माफी मागायला जागा ठेवावी.

आणि तरीही एक गोष्ट मी गेल्या पंधरा दिवसांत पुनःपुन्हा मनात मांडून पाहिली. तुम्ही जर पहिल्याच वर्षी खरं लिहिलं असतंत, सेवा बंद, इमारत वापरात नाही, तर तिचा केव्हाच लिलाव झाला असता. सागवान कोणी घेऊन गेलं असतं, दगड कोणाच्या तरी जोत्यात बसले असते. माझ्या मुलींना जी जागा मिळाली ती तुमच्या खोटेपणाने उभी राहिली होती, आणि मी त्याच खोटेपणाची तक्रार करून ती मिळवली. हे मी तुम्हांला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. छपराखाली सत्तर मुली बसतात, भाजीवाल्याची मुलगी आता सातवीची परीक्षा देते आहे, आणि याचे उपकार तुमचे आहेत.

इथेच थांबले असते. पण काल शोकसभा संपल्यावर तुमच्या ऑफिसातले दिघेबाबू मागे राहिले. महिन्याभरात मध्यभारत संपणार, राजधानी भोपाळला जाणार, सगळ्या ऑफिसांतून कागदांचे गठ्ठे बांधणं चाललं आहे. त्यांनी जागेच्या मंजुरीच्या सगळ्या कागदांची नक्कल करून आणली होती. म्हणाले, शाळेकडे असायला पाहिजे बाईजी, नाहीतर उद्या भोपाळवाले विचारतील, तुम्ही इथे कशा?

मी घरी येऊन ती उघडली. वर माझा अर्ज, तीनही पानं, ते वाक्य जसंच्या तसं. आणि त्याच्या खाली कार्यालयाचा शेरा. अक्षराची नक्कल दिघेबाबूंची, पण शेऱ्याखाली नाव तुमचं. मला काही समजेना. मी आज सकाळी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं की ग्वाल्हेरला पाठवलेल्या अर्जावर ओव्हरसियरांचा शेरा कसा.

दिघेबाबूंना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “बाईजी, अर्ज ग्वाल्हेरला द्या की दिल्लीला द्या, रिपोर्ट तर त्या भागाच्या ओव्हरसियरचीच लागते ना. कागद वरून खाली येतो, त्याच्याच टेबलावर. त्याची रिपोर्ट गेल्याशिवाय वरचे कोणी सही करत नाहीत.”

मग त्यांनी आणखी सांगितलं की तो कागद तुमच्याकडे अकरा दिवस होता. साहेबांनी मनात आणलं असतं तर दोन ओळीत निकालात काढला असता, ते म्हणाले. नौका-सेवेचा प्रस्ताव विचाराधीन आहे, एवढं लिहिलं की संपलं. कोणी तपासायला येत नव्हतं.

ते अकरा दिवस कोणते, ते मी तारखेवरून पाहिलं. मधे संक्रांत होती. मी तुमच्या हातावर तिळगूळ ठेवला होता आणि तुम्ही दर वर्षीसारखे वाकून माझ्या पाया पडला होतात. माझं ते वाक्य तेव्हा तुमच्या टेबलाच्या खणात होतं.

शेरा हिंदीत आहे आणि तुमच्या सगळ्या लिखाणासारखा आखूड आहे. “आवेदन में लिखी बात सत्य है. नौका बारह नहीं, चौदह वर्ष से बंद है. बही की प्रविष्टियाँ मेरे हाथ की हैं. आवेदिका रिश्ते में मेरी भाभी हैं, अतः जाँच किसी अन्य अधिकारी से कराई जाए. स्थान कन्या शाला को देना उचित होगा.”

मी अर्जात बारा वर्षं लिहिलं होतं. घाईत मोजलं होतं. तुम्ही स्वतःवरचा आरोप दोन वर्षांनी वाढवून दुरुस्त केलात, वहीतल्या नोंदी आपल्याच हातच्या हेही कबूल केलंत. आणि मी तुमची वहिनी लागते हे लिहून ठेवलंत, म्हणजे कोणी म्हणू नये की दिराने वहिनीचं काम केलं. चौकशी लागली ती माझ्या अर्जाने लागली असं मी साडेचार वर्षं समजत होते. ती तुम्ही स्वतः मागितली होतीत.

जे वाक्य तुम्ही लिहिणार नाही म्हणाला होतात, नाव बंद आहे हे, ते तुम्ही लिहिलंत. मला सांगितलं नाहीत. किल्ली फळीवर ठेवलीत आणि कौलं बदलायची आहेत म्हणालात.

भाऊजी, अर्जातलं काही मी मागे घेत नाही. ते खरं होतं आणि मुलींना जागा हवीच होती. मागे घेते म्हटलं असतं तर तुम्हीच माझ्यावर चिडला असतात. पण पाकीट बंद करायच्या आधी ती तीन पानं मी तुमच्या ताटाशेजारी आणून ठेवायला हवी होती. तुम्ही ती वाचली असतीत, बाराचे चौदा केले असतेत, माझं हिंदी दोन ठिकाणी सुधारलं असतंत, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता स्वतः पोस्टात टाकली असतीत. एका घरात इतकी वर्षं राहून मी तुम्हांला एवढंही ओळखलं नव्हतं. माझं चुकलं.